मुका बेस

पूर्णा गावच्या स्टेशनामागच्या रस्त्यावर सिद्धोधनचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी, पंखे, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी तिथं येतात. आतली काळी पडलेली तार उपसून तो नवी तांब्याची तार भरतो. त्याच्या पाठीमागे भिंतीवर, तारेच्या रिळांशेजारी, एक बेस गिटार टांगलेला असतो. नव्या गिऱ्हाईकाला वाटतं, तोही दुरुस्तीलाच आला असेल.

तो बेस त्यानं नांदेडच्या एका मोडलेल्या बँडकडून आणला होता. लाकूड चांगलं, पण पिकअप मेलेला. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची डबी. तारेची थरथर तीच पकडून स्पीकरला देते. सिद्धोधननं ती उघडली तर आत चुंबकाभोवती तांब्याची तारच गुंडाळलेली, केसासारखी बारीक. हे तर आपलंच काम, असं म्हणून त्यानं विजेच्या एका जुन्या रिलेतली तार सोडवून ती डबी घरी बसून भरली. त्या बेसला मग असा घोगरा, भरीव आवाज आला की गोपाळरावांच्या गायन पार्टीत त्याला लगेच जागा मिळाली.

बेसबद्दल सिद्धोधनची मतं ठाम होती आणि तो ती न विचारता सांगायचा. विकत घ्यायला गेलं की बेस आधी स्पीकरला लावायचाच नाही; लाकडाला कान टेकवून वाजवायचा, जे लाकडात नाही ते स्पीकरात कुठून येणार? नवी तार चकाकते, जुनी तार बोलते. पाच तारांचा बेस घेऊन कुणी आलं तर म्हणायचा, "चारात ज्याचं भागत न्हाई, त्याचं पाचातबी भागत न्हाई." आणि रंगावर भाळून बेस घेणाऱ्याला तो नवरी बघायला जाऊन मांडव बघून आलेला माणूस म्हणायचा.

गोपाळराव पार्टीचे मालक, निवेदकही तेच आणि कीबोर्डवरही तेच. जयंतीचे कार्यक्रम, लग्नाच्या हळदी, देवीसमोरची भक्तिगीतं, सगळीकडे त्यांची पार्टी जायची. माणूस गोड बोलणारा, पण स्टेजवर लोकांना हसवण्यासाठी कुणाचीही टोपी उडवायचा. त्यांनी नवा कीबोर्ड घेतला, तेव्हा त्यात डाव्या हातानं बेसचा आवाज काढायची सोय होती. तेव्हापासून ते सिद्धोधनकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागले.

जिंतूरला एका सत्काराच्या कार्यक्रमात ते घडलं. दिवस मावळत होता, मंडप भरला होता. सिद्धोधन नेहमीसारखा ढोलकीवाल्याच्या बाजूला उभा राहून वाजवत होता. गाणी रंगली. शेवटचं गाणं संपलं तसे गोपाळराव माइक घेऊन पुढं आले.

"मंडळी, एक गंमत सांगतो. आमचा सिद्धोधन दुसऱ्या गाण्यापास्नं वाजवायलाय. पण त्याची लाइन मी साउंडवाल्याला बंद करायला सांगितली व्हती. तुमी ऐकला तो बेस माझ्या डाव्या हाताचा. कळलं का कुणाला?"

मंडप हसला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. गोपाळराव सिद्धोधनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ह्याला दोष न्हाई. बेसवाल्याचं नशीबच तसं."

सिद्धोधननं तो हात खांद्यावरून खाली काढला, बेस पिशवीत घातला आणि जिंतूर-परभणी बस धरली. लोक हसले हे तो सोसू शकला असता. त्याला जाळत राहिलं ते दुसरंच. त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं. गोपाळरावांच्या डाव्या हाताचा आवाज त्याला दोन तास आपलाच वाटत राहिला होता.

त्यानं पार्टी सोडली. दुकानात गोपाळरावांचं नाव कुणी काढलं की तो पाना खाली ठेवायचा आणि तो माणूस जाईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. त्याची बायको बबिता दुकानाच्याच कोपऱ्यात शिवणकाम करायची. ती म्हणाली, "झालं गेलं. दुसरी पार्टी बघा."

"दुसरी कशाला? मला हीच पायजे."

"परत जायचंय त्यांच्याकडं?"

"ते येतील."

आणि ते आले. परभणीच्या एका मंडळानं गायन पार्ट्यांची स्पर्धा ठेवली होती. नियम असा की जे वाद्य ऐकू येईल ते स्टेजवर कुणीतरी वाजवत असलं पाहिजे. कीबोर्डातला बेस चालणार नाही. गोपाळराव पेढ्याचा पुडा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

"सिद्ध्या, माणसानं रुसावं, पण किती? ये बरं. तुझ्याबिगर न्हाई जमायचं."

सिद्धोधननं हात पुसले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "येतो की."

एवढ्या सहज तो हो म्हणाला की बबितानं शिवणयंत्र थांबवलं. गोपाळराव गेल्यावर ती म्हणाली, "तुमी हसायलाव. मला भ्या वाटायलंय."

"तू तुझं शिवण शिव."

तालमींना सिद्धोधन सगळ्यांच्या आधी जायचा. त्यानं सगळ्या चाली नव्यानं बांधायला घेतल्या. गोपाळरावांना म्हणाला, "डावा हात मोकळा सोडा, खालचं सगळं मी धरतो." ढोलकीवाल्याला म्हणाला, "धुम्म कमी कर, तेवढी जागा मला दे." दोघांनाही ते पटलं, कारण गाणं खरंच उघडं, हवेशीर वाटायला लागलं. आता प्रत्येक गाण्याच्या खाली एकच खांब होता आणि तो सिद्धोधनच्या चार तारांवर उभा होता. गोपाळराव खुशीत सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्या बेसवाल्यासारखा माणूस मराठवाड्यात नाही.

पार्टीत एक नवी गायिका होती, ताडकळसची सृष्टी. पूर्ण्याच्या कॉलेजात शिकायची. आवाज पातळ पण खरा. तिचे वडील सिताराम ताडकळसच्या बाजारात भाजी विकायचे. पोरीचं गाणं त्यांना फारसं पसंत नव्हतं, ते म्हणाले होते, "परभणीच्या स्टेजवर बघतो एकदा. मग ठरवू." सृष्टी अंतरा उचलताना डोळे मिटून सिद्धोधनच्या बाजूला मान कलती करायची. एकदा तालमीनंतर तिनं सांगितलं, "काका, तुमचा खालचा सूर लागला की माझा सा मला सापडतो. तेवढं सोडू नका बरं."

"न्हाई सोडत," तो म्हणाला.

स्पर्धा दुपारी होती. सभागृह खचाखच. पहिलं गाणं इतकं जमलं की परीक्षकांपैकी एकानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. दुसरं गाणं सृष्टीचं. तिनं मुखडा घेतला, फिरून घेतला, आणि अंतऱ्याला डोळे मिटले.

सिद्धोधननं करंगळीनं बेसचं आवाजाचं बटण शून्यावर आणलं. बोटं मात्र चालू ठेवली, सफाईनं, आधीसारखीच.

आधी कुणाला काय झालं ते समजलं नाही. मग गाणं खालून फाटल्यासारखं झालं. ढोलकीवाला बावरला, त्याची लय पुढं पळाली. गोपाळरावांनी डावा हात कीबोर्डवर नेला, नियम आठवला, परत घेतला. साउंडवाला वाकून वायरी चाचपू लागला. सिद्धोधन गोपाळरावांकडे सरळ बघत बोटं चालवत होता आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. गोपाळरावांना ते हसू समजलं. त्यांचा चेहरा उतरला. हेच बघण्यासाठी सिद्धोधन जिंतूरपासून जगत होता.

पण सृष्टीचे डोळे मिटलेलेच होते. ती सूर शोधत वर गेली, तिथं तिला काही सापडलं नाही, आणखी वर गेली, आणि आवाज फुटला. मागच्या रांगांतून कुणीतरी शीळ घातली. गाणं अर्ध्यात थांबलं.

विंगेत गोपाळराव त्याच्यापुढं आले. 

"वायर काढलीस?"

"वायर व्हती. आवाज बंद केल्ता. तुमीच शिकिवलं."

"इज्जत घालवलीस माझी."

"व्हय. त्याच्यासाठीच आलतो."

गोपाळरावांची पार्टी त्यानंतर टिकली नाही. अर्ध्यात बसलेली पार्टी म्हणून नाव झालं, सुपाऱ्या तुटल्या, ढोलकीवाला दुसरीकडे गेला. गोपाळरावांनी कीबोर्ड विकून स्पीकर भाड्यानं द्यायला सुरुवात केली. सिद्धोधनला याची प्रत्येक बातमी लागायची आणि प्रत्येक बातमीला त्याला भूक चांगली लागायची. बबिता त्याच्या ताटात वाढायची, पण त्या दिवसांत ती त्याच्याशी फार बोलली नाही.

सृष्टी दुकानात आली ती बऱ्याच महिन्यांनी. बाकावर बसली नाही.

"वडलांनी गाणं बंद केलं," ती म्हणाली. "पुन्हा स्टेजवर तोंड उघडलं तर कॉलेजबी बंद म्हणले."

सिद्धोधन हातातल्या तारेचं टोक शोधत राहिला.

"वाजवायला न्हाई म्हणले न्हाईत. मला बेस शिकवा."

त्यानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. त्याला वाटलं, पोरीनं माफ केलं. नाही तरी तो नको म्हणणार नव्हताच.

त्यानं तिला मनापासून शिकवलं. शिकवण्यात काही हातचं राखलं नाही. बेस घ्यायला तो तिला घेऊन नांदेडला गेला. दुकानदारानं लालभडक, चकाकणारा बेस पुढं केला. सिद्धोधननं तो बाजूला सारला आणि कोपऱ्यातला एक जुना, रंग उडालेला काढायला लावला. दोन्ही तिच्या हातात दिले. म्हणाला, "कान टेक. कोणता बोलायलाय?" तिनं दोन्हींना कान लावला आणि तिसराच उचलला, हलक्या वजनाचा, आखूड गळ्याचा.

"हा माझ्या बोटांना पुरतो," ती म्हणाली. "तुमच्या हाताचं माप मला कशाला?"

त्यानं तो वाजवून बघितला. तिचं बरोबर होतं. पिकअप तेवढा हलक्या प्रतीचा होता. तो त्यानं दुकानात नेऊन स्वतः भरून दिला, आपल्या बेसला भरला होता तसाच. त्याच्या बेसचा तो घोगरा आवाज आता तिच्या बेसमध्येही आला. तो कुणालाच द्यायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. देताना त्याला हलकं वाटलं.

ती झपाट्यानं शिकली. नांदेडच्या काही पोरींनी एक नवी पार्टी काढली, त्यात सृष्टी बेसवर गेली. पहिल्याच हंगामात त्यांचं नाव झालं. गाण्यापेक्षा लोक बेसवाल्या पोरीकडे बघायचे. मग पूर्ण्यात त्यांचा कार्यक्रम ठरला. सिद्धोधननं पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला आणि बबिताला म्हणाला, "चल, आज ऐकशील."

मंडपात साउंड गोपाळरावांचा होता. ते मिक्सरपाशी बसले होते, केस पिकलेले. सिद्धोधनला पाहून त्यांनी मान फिरवली. सिद्धोधनला त्यातही बरं वाटलं.

सृष्टी वाजवायला लागली तेव्हा बबितानं त्याचा दंड धरला. तोच आवाज होता, तीच बोटं. फक्त त्याच्यापेक्षा स्वच्छ. कार्यक्रम संपताना निवेदिका माइक घेऊन तिच्याजवळ गेली.

"सृष्टीताई, पूर्ण्याची मंडळी विचारतायत, हे शिकलात कुणाकडं?"

सिद्धोधन अर्धवट उठून उभा राहिला होता.

सृष्टीनं त्याला बघितलं. सरळ, डोळ्यात डोळे घालून. मग निवेदिकेकडे वळून म्हणाली, "कुणाकडंच न्हाई. आपलंआपणच."

टाळ्या पडल्या. सिद्धोधन खाली बसला.

नंतर तो स्टेजमागं गेला. ती पिशवीची चेन लावत होती.

"एवढं तरी नाव घ्यायचं व्हतं," तो म्हणाला.

"कशाला, काका? माझा बाप त्या दिवशी परभणीहून घरी येईस्तोवर माझ्याशी बोलला न्हाई. गावात शीळ ऐकू येती मला आजून." तिनं बेस खांद्याला लावला. "तुमचं भांडण त्यांच्याशी व्हतं. मी मधी व्हते, ते तुमाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं व्हतं," सिद्धोधन म्हणाला.

खरं बोलला. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती गाडीकडे निघून गेली.

मंडप उतरत होता. बबिता बाहेर मोटारसायकलपाशी वाट बघत होती. सिद्धोधन मिक्सरच्या बाजूनं निघाला तेव्हा वायर गुंडाळता गुंडाळता गोपाळरावांनी त्याला हाक मारली. परभणीनंतर पहिल्यांदाच.

"ती पोरगी कुणाची तरी शागीर्द दिसती रे. हात वळखीचा वाटायलाय."

गोपाळराव त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मला काय ठावं?" सिद्धोधन म्हणाला. "ती म्हणली ना, आपलंआपणच शिकली." आणि शर्टाची बाही दुमडत, चेहऱ्यावरची रेघही हलू न देता, तो बबिताकडे चालत गेला.