प्रकार चार, होडी एक

समुद्र नसल्यामुळे ज्याचं काडीचंही अडलं नाही असा दर्यावर्दी साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि ते माझे मामेसासरे होते. देऊळघाटात त्यांचा वांग्या-कांद्यांचा मळा. नवं राज्य झालं त्या वर्षी ते मुंबई पाहून आले. बरोबरच्या मंडळींनी राणीची बाग पाहिली. हे तीन दिवस किनाऱ्यावर बसून शिडाच्या होड्या पाहत राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "जवाईबुवा, मुंबई आपली झाली म्हंजे समुद्रही आपला झाला. मंग त्यातलं आपल्याले काहीच आलं नाई पायजे काय?" मी बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. उत्तर नसलं की गप्प बसावं, एवढं नोकरीनं शिकवलं होतं. वर्षाच्या आत गावाजवळच्या तलावाकाठी पाटी लागली: 'शिडाच्या होड्यांचं मंडळ. प्रकार चार.' अक्षर माझं होतं. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं होतं.

प्रकारांना मामांनी आपल्या बैलगाड्यांची नावं दिली होती, कारण होडी बांधणारा सुतार जन्मभर गाड्याच बांधत आला होता आणि त्याला दुसऱ्या भाषेत सांगून कळत नसे. बंडी म्हणजे बिनशिडाची, बांबूनं ढकलायची, ओझ्याची. रेंगी म्हणजे लहान शिडाची, नवशिक्यासाठी. दमणीला दोन शिडं आणि बसायला आडवी फळी. नवराबायकोनं सावकाश जायची. आणि पटाची, म्हणजे शंकरपटातल्या छकड्यासारखी शर्यतीची. तिचं मांजरपाटाचं शीड एवढं मोठं की शिंप्यानं ते अंगणात पसरून शिवलं. कुणी नुसतं 'होडी' म्हटलं की मामा उखडत. "घरी बायकोले 'बाई' म्हणून हाक मारता काय?" आता खरं सांगायचं तर होडी एकच होती. शीड बदललं की प्रकार बदलायचा. एकदा बुलढाण्याहून दोन मास्तर आले. एकानं रेंगी मागितली, दुसऱ्यानं पटाची, आणि दोघांना बरोबर जायचं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "रेंगी येऊ द्या, मंग पटाची सुटते. तसा कायदाच हाये." मास्तर लोक कायद्याला मानणारे, एक गेला, दुसरा थांबला.

मामांचा स्वतःचा जीव पटाचीत होता. दर रविवारी ते तिची शर्यत लावत. समोर दुसरी होडी नसल्यामुळे ते मागच्या रविवारच्या स्वतःशीच लढत आणि मी काठावर घड्याळ धरून उभा राही. एकट्यानं शर्यत करून दुसरा नंबर आलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला. दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. मामी भाकरी-ठेचा घेऊन तलावावर येत, तेव्हा पटाचीच लावलेली असे आणि फळी काढलेली असल्यानं तिच्यात दुसऱ्याला जागा नसे. "तुह्यासाठी उद्या दमणी लावतो," मामा म्हणत. असं सहा वर्षं चाललं.

मग तलावाचे साहेब आले. परवान्याशिवाय पाण्यावर काही ठेवायचं नाही, असा हुकूम होता. त्यांनी पाटी वाचली आणि चारही प्रकार एकदम दाखवा म्हणाले. मी खाली पाहू लागलो. मामा म्हणाले, "साऱ्या एका टायमाले कशा दिसतीन, सायेब? सोमवार अन् मंगळवार कधी संगं येतेत काय?" साहेब हसले, पण कागद कागदच. एका होडीला परवान्यात एक रकाना. त्यात एकच प्रकार लिहिता येईल आणि बाकीची शिडं पुन्हा चढवायची नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "बोला, काय लिहू?"

मामा पटाचीचं शीड चाचपू लागले. भाकरी घेऊन आलेल्या मामीच मागून म्हणाल्या, "पटाची लिवा, सायेब. त्याइचा जीव हाये तिच्यात." मामांनी मामींकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दमणी लिवा."

त्या संध्याकाळी मामी पहिल्यांदा होडीत बसल्या. डोईवरचा पदर एका हातानं आणि फळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून त्या अख्खा तलाव फिरून आल्या आणि उतरल्यावर "अजून एक चक्कर होईन काय?" म्हणाल्या. पुढं तो रोजचा नेमच झाला.

मात्र वाऱ्याला जोर असला की दमणी काढायची नाही, अशी मामांची शिस्त होती. अशा दिवशी ते काठावर बसून नुसतं पाण्याकडे पाहत. एकदा मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "मामा, पस्तावा होतो का हो?"

"आज हवाच नाई, जवाईबुवा," ते म्हणाले.

मला त्यांची फार माया आली. वाऱ्यानं त्यांची टोपी तोवर दोनदा उडाली होती, आणि दोन्ही वेळा मीच धावत जाऊन ती आणून दिली होती.