फाईल कधी वाचू नये

मी लिहिलेलं टूलचं वर्णन तीन शब्दांचं होतं: ‘दिलेली फाईल वाचते.’ मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

मी गंगाखेडला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीने एक एआय एजंट बनवला होता, म्हणजे प्रश्न विचारला की आपल्या मनाने पायऱ्या ठरवून काम उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी दोन टूल दिली होती. एक फाईल वाचायचं, दुसरं फायलींत शब्द शोधायचं. कोणतं केव्हा उचलायचं, हे त्याला फक्त मी लिहिलेल्या वर्णनावरून कळायचं. आणि हा गडी काहीही विचारलं की भली मोठी फाईल पहिल्या ओळीपासून वाचत सुटायचा, अर्ध्यात दमायचा आणि उरलेलं मनाने ठोकून द्यायचा. नसलेल्या फायलीत काय लिहिलंय, तेही सांगायचा.

टीम लीड बाई म्हणाल्या, “शुक्रवारी सुधारून दाखव. नाही जमलं तर घरून काम बंद. इथे येऊन बस.”

मला पुण्याला जायचं नव्हतं. मला माझं घर आवडतं, आईच्या हातची ज्वारीची भाकरी आवडते आणि वडिलांशी रोज एक भांडण झाल्याशिवाय मला करमत नाही.

वडील सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. बुधवारी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, “काय झालं माय? तोंड पाडून काय बसलीस?”

मी सगळं सांगितलं आणि ते तीन शब्द वाचून दाखवले. ते हसायला लागले.

“हे तर नुसतं नाव झालं. नव्या शिपायाला ‘बस्ता आण’ एवढंच सांगितलं, तर त्यो काय आणल?”

बस्ता म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. वडील प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी बांधायचे. “आत काय हाय, ते लिहायचं. कोणत्या कामाला उघडायचा, ते लिहायचं. आन कोणत्या कामाला उघडायचा न्हाई, हे बी लिहायचं. हे तिसरं कुणी लिहीत न्हाई, आन तिथंच घोळ होतो.”

“आणि बस्ता सापडलाच नाही तर?”

“रिकाम्या हातानं यायचं आन न्हाई म्हणायचं. पण नव्या माणसाला लय भ्याव असतं, साहेब वरडतील म्हणून. मग त्यो शेजारचा उचलून आणतो. म्हणून आधीच सांगून ठिवायचं, रिकाम्या हातानं आलास तरी चालतंय.”

मी चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. वडील चष्मा लावून शेजारी बसले. मी लिहिलं, ‘गरजेनुसार योग्य भाग वाचावा.’

“योग्य म्हंजी कोणता?”

“ते त्याला कळेल.”

“ते तुला कळतंय. त्यानं तुला कधी बघितलं बी न्हाई.”

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. दुपारपर्यंत आमची यथेच्छ खडाजंगी झाली आणि वर्णन तयार झालं. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर असं: ‘फाईल कोणती हे नक्की माहीत असेल तेव्हाच वापरा. एका वेळी दोनशे ओळी मिळतील. पुढच्या हव्या असतील तर कोणत्या ओळीपासून ते सांगा. शब्द कुठे आहे हे शोधायला हे वापरू नका, त्यासाठी दुसरं टूल आहे. फाईल नसेल तर नाही म्हणून सांगा. अंदाज करू नका.’

शुक्रवारी व्हिडिओ कॉलच्या वेळी वडील कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे खुर्ची ओढून बसले. आवाज करणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. लीड बाईंनी एजंटकडे मुद्दाम नसलेली फाईल मागितली. पडद्यावर उत्तर उमटलं: ‘ही फाईल इथे नाही. इथे असलेल्या फायलींची नावं दाखवू का?’

“शाब्बास,” वडील म्हणाले. माइक चालू होता.

“कोण आहे तिकडे?” बाईंनी विचारलं.

“आमचे रेकॉर्ड कीपर.”

सगळे हसले. बाई म्हणाल्या, “मग दोघंही तिथेच राहा.”

मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. आईने हसत कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे माझी बॅग होती, पुसलेली, भरलेली, कुलूप लावलेली. वडिलांनी गुरुवारीच भरून ठेवली होती आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता. कडीला त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती.

‘आत: चादरी दोन, स्वेटर एक, शेंगदाण्याची चटणी. उघडावी: पुण्यात खोली मिळाल्यावर. उघडू नये: पोरगी घरी असेपर्यंत.’

मी तिथेच बसून रडले, आणि मग बॅग न उघडता माळ्यावर चढवली. चटणी अजून आतच आहे.