लटारू मिस्त्रीचा कोळसा

बंदूक मागायला आलेल्या माणसाच्या हातात लटारू मिस्त्री आधी कोळसा द्यायचा. दुकानाची फरशी तो रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसून ठेवायचा, ती यासाठीच. "घर काढ," म्हणायचा. "दरवाजा कुठी, चूल कुठी, कोन कुठी झोपते, सारं काढ. तोवर बंदुकीकडं पाहू नको, ते तुले पाहून हासून राह्यली." माणूस उकिडवा बसून रेघा ओढू लागला की मिस्त्री तंबाखू मळत वरून बघत राहायचा. बहुतेकांचं घर अर्ध्यात अडायचं. भिंती पटापट यायच्या, गोठा यायचा, धानाची कोठी तर अगदी नेमकी यायची; पण पोरं कोणत्या कोपऱ्यात झोपतात असं विचारलं की कोळसा हवेतच थांबायचा. "झालं," मिस्त्री म्हणायचा. "याले आपल्याच घरात कोन कुठी पडते ते मालूम नाई, अन् हा अंधारात बार काढनार." मग त्या माणसाच्या देखत तो फरशी पुसून टाकायचा. घरासकट.

त्याचं दुकान चांद्याला, जटपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला होतं. जुन्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि परवानेवाल्यांना विकायच्या, हा धंदा. पण बंदुका विकणाऱ्याला बंदुका घेणाऱ्यांचा एवढा तिटकारा असल्याचं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. मिशीला पीळ देत येणाऱ्याला तो 'या सरकार' म्हणायचा, आणि त्या 'सरकार'मध्ये इतकं विष असायचं की पुढं शिवी द्यायची गरज पडत नसे.

मी त्याच्याकडे गेलो तो भीतीपोटी. मी माणदेशातला. पाचवीत शाळा सुटली, आणि ओळखीच्या ओळखीनं एटापल्लीकडच्या जंगलात बांबूच्या डेपोवर मुनशी म्हणून चिकटलो. आमच्याकडे माळ उघडा. काय येतंय ते कोसावरून दिसतं. इथं दाराबाहेर हात काढला की तो झाडाला लागायचा. माझ्या आधीच्या मुनशीला अस्वलानं घराच्या ओसरीवरच गाठलं होतं. माणूस जगला, पण गावी जाताना तोंडाला फडकं बांधून गेला. तेच घर आता माझं होतं, आणि होळीनंतर हौसा, माझी बायको, तिथं नांदायला यायची होती. एकट्यानं भ्यायला माझी हरकत नव्हती. पण तिच्या तोंडाला फडकं बांधायची पाळी आली तर सासऱ्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं मला घास उतरत नव्हता.

ठेकेदार शेठनं आपल्या परवान्यावर माझं नाव चढवून दिलं आणि स्वतः मला घेऊन चांद्याला आला. उपकारच होते, ते त्यानं वाटभर मोजूनही दाखवले. शेठच्या कमरेला काडतुसांचा पट्टा असायचा आणि अंगाला अत्तर. अत्तर लावून शिकारीला जाणारा माणूस काय मारत असेल ते तोच जाणे. आम्ही पाहिले ते त्याचे फोटो, दुसऱ्यानं मारलेल्या ढाण्यावर पाय ठेवून काढलेले.

"मिस्त्री, आमच्या मुनशीला एक जोरदार चीज द्या," शेठ म्हणाला. "ही माझी रायफल बघा. नळीवर बॅटरी बसवून घेतलीय. जिथं उजेड तिथं गोळी."

मिस्त्रीनं रायफल उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली, बॅटरीचं बटण दाबून पाहिलं, आणि कुणाचं तरी शेंबडं पोर परत द्यावं तशी ती परत दिली.

"शेठजी, रात्री लेकरू रडलं त त्याले याच्यानंच पाह्यता काय?"

"म्हणजे?"

"उजेड नळीवर हाय ना. मंग ज्याले पाहाचं त्याच्यावर नळी धराची. बायको पानी प्याले उठली, पहिले तिच्या छातीवर बंदूक, मंग वळख."

शेठ हसला. "अहो, आपल्याला समजतं कुठं धरायची ते."

"होय ना," मिस्त्री म्हणाला. "झोपेतून दचकून उठलेल्या मानसाले सारंच समजते."

मग कोळसा माझ्याकडे आला. मी घर काढलं: दोन खोल्या, आत झोपायच्या दोन जागा, पुढं ओसरी, ओसरीच्या टोकाला जाळाची जागा. मिस्त्रीनं पायाच्या अंगठ्यानं एक रेघ दाखवली. "हे भित कायची?"

"कुडाची. बांबू आणि वर शेणमाती."

"पलीकडं?"

"जुरी म्हातारीची झोपडी."

"शेठजीच्या रायफलची गोळी कूड फोडन, म्हातारी फोडन, अन् डोंगराले जाऊन लागन. डोंगर माराचा असन त चांगली चीज हाय." शेठनं घड्याळात पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे वळला. "ह्या दोन जागा कोनाच्या? एकटा राह्यतो ना तू?"

"एक बायकोची. ती अजून यायची आहे."

मिस्त्री त्या आखणीजवळ खाली बसला. "न आलेल्या बायकोची जागा काढली यानं," तो फरशीलाच म्हणाला. मग मान वर न करता विचारलं, "भेतो काय बे तू?"

"हो."

"लय?"

"लय."

"मंग तुले देतो."

त्यानं काढली ती एक जुनी दुनळी, दस्त्याला भेग पडलेली आणि पितळी पट्टीनं सांधलेली. शेठनं नाक मुरडलं. मिस्त्री म्हणाला, हिला बारीक छर्रा घालायचा, तो कुडात अडेल, म्हातारीपर्यंत जाणार नाही. अस्वल आलंच तर पहिला बार आभाळात. आवाजानं बहुतेक पळतं, नाही पळालं तर दुसरी नळी आहे. मी भीत भीत म्हटलं, एक बॅटरीही घ्यावी म्हणतो.

"कोन धरन ते?"

"मीच."

"अन् बंदूक?"

"तीही मीच."

"दोन हाताचा मानूस तू, अन् तीन हाताची कामं सांगून राह्यला." तो उठला, आत जाऊन एक साधा कंदील घेऊन आला आणि तुपाच्या डब्याचा पत्रा कापत बसला. त्या पत्र्याचं त्यानं कंदिलाला झाकण केलं. खाली असलं की सगळा अंधार. वर उचललं की उजेड फक्त पुढं पडायचा, मागच्या माणसाच्या डोळ्यात नाही. "हा बायकोच्या हाती," तो म्हणाला. "बंदूक तुह्या हाती. तू या कोपऱ्यात, ते त्या कोपऱ्यात. ते झाकन उचलन, पाह्यन, अन् हो म्हनन, तवा तुहं बोट घोड्यावर. तिनं नाई म्हटलं त नाई."

"म्हणजे बायकोच्या हुकमानं गोळी झाडायची?" शेठ म्हणाला.

"मंग? तिले झोपेत बी समजते घरात कोन हाय अन् कोन नाई. तुमाले जागेपनी समजत नाई."

परतीच्या वाटेवर शेठ मिस्त्रीला वेडा, उद्धट, दरिद्री असं बरंच काही म्हणाला. मी हो हो करत होतो आणि कंदील मांडीवर जपत होतो.

हौसा आली. मिस्त्रीनं बजावलं होतं की दिवसा डोळे मिटून सराव करा, रिकाम्या बंदुकीवर. तसा आम्ही केला. मी भिंतीला आपटायचो, ती हसायची. "त्या मिस्त्रीला बायकू हाय का?" तिनं एकदा विचारलं. मला ठाऊक नव्हतं. "नसणारच," ती म्हणाली. "असती तर तिनं त्याला येवढं बोलू दिलं नसतं." पण कंदिलाची वात ती रोज संध्याकाळी स्वतः कापायची, आणि झाकण आवाज न होता उचलतं का ते बघायची.

चैत्र लागला आणि मोहाची फुलं पडू लागली. रानात तेव्हा माणसंही फुलांवर आणि अस्वलंही फुलांवर. आम्हीही एक टोपली ओसरीवर वाळत घातली होती. हौसाला त्या वासानं मळमळायचं. मला त्या वासानं घाम फुटायचा.

एका पहाटे, उजाडायच्या बऱ्याच आधी, ओसरीवर आवाज आला. फू... फू... मध्येच घशातली खरखर, पुन्हा फू. डेपोवरच्या लोकांनी मला सांगितलं होतं की अस्वल असंच फुंकतं. मी दुनळी घेतली, दार हळूच उघडलं, माझ्या कोपऱ्यात गेलो आणि बाहेर पाहिलं. जाळाच्या जागेशी काळा, केसाळ, वाकलेला गोळा हलत होता. टोपलीपासून हातभर. माझं बोट कुठं होतं ते मला आठवत नाही. मिस्त्रीनं बजावलं होतं तसं ते घोड्यापासून लांब नव्हतं, एवढं नक्की.

"हौसा, लवकर," मी म्हटलं.

ती लवकर आली नाही. भिंतीच्या कडेनं, हातानं चाचपत, ती आपल्या कोपऱ्यात गेली. त्या वेळी मला तिचा राग आला होता. मग झाकण उचललं गेलं.

"थांबा," ती म्हणाली. "माणूस हाय."

काळी घोंगडी पांघरून जुरी म्हातारी आमच्या राखेतले निखारे फुंकत होती. समोर खापरात तिनं दोन काढूनही घेतले होते. मोहाखालचा पालापाचोळा जाळला की फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात, म्हणून बाया पहाटे विस्तव घेऊन रानात जातात. आणि त्या गावात विस्तव मागायची रीत नाही. ज्याच्या ओसरीवर असेल तिथून न बोलता उचलायचा. मागितला तर घरवाल्याला परकं मानल्यासारखं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या महिन्यांत तिनं मला परकं मानायचं सोडलं होतं, हेही नाही.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून कंदिलाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वस्तूकडे. "मुनशी," ती म्हणाली, "तुझा जाळ मरून राह्यला होता. मी फुंकला म्हनून जगला. रात्री लाकूड मोठं लावत जा." आणि खापर उचलून ती निघून गेली. मी तिथंच खाली बसलो. हौसानं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.

दरवर्षी पाऊस संपला की दुनळी तपासायला आणायची, अशी मिस्त्रीची ताकीद होती. त्या वर्षी मी हे सगळं त्याला सांगितलं. तो नळीतून उजेडाकडे बघत होता. नळीत झाडलेल्या बाराची काजळी दिसली की तो त्या माणसाशी वर्षभर नीट बोलत नसे. "मले काऊन सांगून राह्यला?" तो म्हणाला. "मी पत्रा कापला फक्त. झाकन कोनं उचललं?"

उपकाराच्या भरात मी विचारून बसलो, मिस्त्री, तुमच्या घरी कंदील कोण धरतं?

त्यानं नळी खाली ठेवली. कोळसा उचलला आणि फरशीवर एक चौकोन काढला. त्यात एक रेघ ओढली, एका माणसाच्या अंथरुणाची. "पाह्य," म्हणाला. "माह्या घराले बंदूक लागत नाई." मग पुसून टाकलं. तेव्हापासून मी काही विचारलं नाही. मी फक्त दरवर्षी गेलो, आणि दरवर्षी तो नळी बघून 'हं' म्हणाला.

डेपो उठला तेव्हा आम्ही गावी परतायला निघालो. दुनळी परत करायची म्हणून हौसालाही दुकानात नेलं. मिस्त्रीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यानं सवयीनं नळी डोळ्याला लावली, मग खाली घेतली आणि नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली.

"तेलच हाय," तो म्हणाला. "इतक्या वर्सांत एक बी बार नाई?"

"नाही."

"भित्रा आला होता, अन् भित्राच चालला," तो म्हणाला. त्याचा हात माझा खांदा शोधत आला, सापडल्यावर तिथंच राहिला. आयुष्यात माझी कौतुकं फार झाली नाहीत, पण जी झाली त्यात हे मी सगळ्यात वर ठेवतो.

तेवढ्यात कोरे बूट वाजवत एक गिऱ्हाईक आत आलं. मोठ्या घरचा माणूस असावा. उभ्यानंच रायफल मागितली. मिस्त्रीनं कोळसा पुढं केला. त्या माणसानं हसत हसत घर काढलं, चांगलं ऐसपैस, दिवाणखान्यासकट. मिस्त्री फरशीकडे पाहत राहिला. त्याला काही दिसत नव्हतं हे आम्हा दोघांना कळत होतं, त्या माणसाला नाही.

"बाई," मिस्त्री हौसाला म्हणाला, "तू पाह्य. या घरात कोन कोन हाय?"

हौसा पदर सावरून खाली वाकली. तिनं सगळ्या खोल्या नीट पाहिल्या, एकेक करून.

"माणूसच न्हाई काढलं ह्यांनी," ती म्हणाली. "नुसत्या भिंती हायेत."

"पुसून टाक," लटारू मिस्त्री म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.