वरच्या पायरीवर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, शेजारच्या आजींच्या घराला कुलूप का आहे? मी म्हटलं, लेकीकडे गेल्या नागपूरला. ते खरंच आहे, पण अर्धंच. फोनवर बाकीचं मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर तिच्या लेकीचा मला फोन आला होता. आई गॅस सुरू ठेवून बाजारात गेली होती, म्हणाली. "मावशी, तुम्ही रोज बघता तिला. ती ठीक आहे असं तुम्ही म्हणालात तर मी हट्ट करणार नाही. नाही तर घेऊन येते इकडे."

शेजारच्या आजीला हे माहीत होतं. कुंपणावरून म्हणाली, "पोरगी तुहंच ऐकते. सांगून दे तिले, माय चांगली आहे म्हणून. मी या घरातून हलत नाही." मी "बघू" म्हटलं. मला ती इथेच हवी होती. तुमचे आजोबा गेल्यापासून सकाळी पहिला आवाज मी तिचाच ऐकत आले.

त्यानंतरच्याच आठवड्यात तिने टूम काढली. आर्णी रोडला नवं रेस्टॉरंट उघडलंय, तिथे रविवारी ब्रंच असतो, आपण जाऊ.

"ब्रंच म्हंजे काय वं? तू इंग्रजीची मास्तरीण."

"नाश्ता आणि जेवण एकदमच."

"मंग आम्ही वावरात दहा वाजता भाकर खात होतो, तो ब्रंचच झाला की! पैसे कायले द्यायचे?"

पण तिने रविवार ठरवला. दिनदर्शिकेकडे पाहिलं तर त्या दिवशी संकष्टी चतुर्थी. या लेकीच्या वेळी बाळंतपणात ती अडली होती, तेव्हापासून तिने चतुर्थी धरलेली. चंद्र दिसेपर्यंत अन्न नाही, आणि जमेल तेव्हा कळंबच्या चिंतामणीचं दर्शन. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. तिला सोबत म्हणून मीही उपवास करत आले. मला वाटलं, तिला नुसतं रेस्टॉरंट बघायचं असेल. रस घेऊ आणि तिथून कळंबला जाऊ.

ती जरीकाठाची साडी नेसून आली होती. खुर्च्यांची गादी दाबून पाहिली, छताला टांगलेल्या टोपल्यांना हसली आणि मेनूतल्या चित्रावर बोट ठेवून पॅनकेक मागवला. मी वाट पाहत राहिले, की आता आठवेल, आता जीभ चावेल. मी वेटरला म्हटलं, "मला फक्त मोसंबीचा रस."

"काहून? तब्येत बरी नाही का?" तिने माझ्या कपाळाला हात लावला.

तेव्हा मला कळलं, चतुर्थी तिच्या लक्षातच नव्हती. तिच्या डोळ्यांत फक्त माझी काळजी होती, दुसरं काही नव्हतं. मी मेनू पुन्हा उघडला आणि टोस्ट सांगितला. तिला कळायला नको, एवढंच त्या क्षणी सुचलं.

पॅनकेक आला. "हे तं आपलं धिरडंच आहे वं! त्यावर पाक टाकला न् झाले साहेब." ती इतकी खुशीत खात होती की मीही हसले. टोस्ट संपवला.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब येऊन बसलं. त्यांच्यातल्या वयस्क बाईंनी वेटरला विचारलं, "उपवासाचं काही मिळेल का? आज चतुर्थी आहे."

तिचा काटा थांबला. तिने स्वतःच्या ताटलीकडे पाहिलं नाही, माझ्या ताटलीत पाहिलं. टोस्टचा चुरा होता तिथे.

"तुले मालूम होतं."

"हो."

"मंग तू काहून खाल्लं?"

मी ताटली बाजूला सारली. ती बराच वेळ ओठ पुसत राहिली. मग म्हणाली, "चाल, कळंबले."

बसने कळंबला पोहोचलो. तुम्हाला आठवत असेल, ते देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. वरच्या पायरीवर ती बसली.

"खाऊन खाली जात नाही मी. तू जाऊन ये."

"मीही खाल्लंय."

"हो. तेही माह्याच पायी." तिने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे केला. "लावून दे पोरीले."

मी फोन लावून दिला. ती म्हणाली, "ये तू. घेऊन जा मले." पलीकडून लेकीने बहुधा विचारलं असावं, की मावशी काय म्हणाल्या. "काही नाही सांगतलं तिनं," ही म्हणाली. "मले कळू नाही म्हणून सोबत जेवली. म्हणूनच ये."

त्यानंतर चंद्र दिसेपर्यंत तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मीही नाही. दोन आठवड्यांनी लेक गाडी घेऊन आली. निघताना हिने तुळशीची कुंडी माझ्या ओट्यावर आणून ठेवली आणि मला बजावलं, "पाणी जास्त नको टाकत जाऊ."

या चतुर्थीला मी एकटीच कळंबला गेले. उपवास नीट केला होता, खाली जायला काहीच हरकत नव्हती. दूर्वा एका बाईंच्या हाती खाली पाठवल्या आणि ती बसली होती त्या वरच्याच पायरीवर मी बसून राहिले.