आगगाडी नसलेल्या बेटावरची सुन्नुवा

ख्वाल्बा गावच्या मासळीच्या कारखान्यात सुन्नुवाने चौतीस वर्षं कॉड माशाचे काटे काढले. खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावर मासा ठेवायचा, काटा सावलीसारखा दिसला की चिमट्याने उपटायचा. हात चालत तसे तिचे ओठही चालत. शेजारच्या बायकांना वाटे, ही देवाचं नाव घेतेय. ती आगगाड्यांच्या वेळा म्हणत असे. हॅम्बुर्गहून नऊ अठ्ठावीसची गाडी, हानोवरला सोळा मिनिटं थांबा, तिथे फलाट बदलायचा...

आमच्या फेरो बेटांवर रूळ नावाची वस्तूच नाही. डोंगर, गवत, मेंढ्या, आणि कुठूनही दिसणारा समुद्र. सुन्नुवाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा पावसात चिंब भिजलेला एक जर्मन वाटसरू तिच्या दारी आला. तिने त्याला सूप दिलं, कपडे वाळवून दिले. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि चुलीवरच्या फळीवर वाळत ठेवलेलं त्याचं पुस्तक तिथेच राहिलं. युरोपभरच्या गाड्यांचं वेळापत्रक होतं ते, पानं फुगून दुप्पट झालेलं. लांबलचक हिवाळ्यांत सुन्नुवा ते वाचू लागली. एक स्टेशन, मग दुसरं, मध्ये अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत खिडकीबाहेर काय येत असेल, हे ती आपल्या मनाने भरून काढी.

तिचा नवरा एइदुन मोठ्या मासेमारी जहाजावर होता. "जग मी पाहिलंय," तो म्हणे. "सगळीकडे धक्का, क्रेन आणि पाऊस."

"बंदरं पाहिलीस तू," सुन्नुवा म्हणे. "त्यांच्या मागे काय असतं?"

"मागे? मागे आणखी क्रेन."

एकसष्टाव्या वर्षी ती कारखान्यातून निवृत्त झाली. मे महिन्यात मेंढ्या व्यायच्या संपल्या आणि एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "एइदुन, मी निघाले."

"दुकानात? मग कॉफी आण."

"व्हेनिसला."

एइदुनने हातातला काटा-चमचा खाली ठेवला. "एकटी?"

"तू येतोस?"

"छे! पण मग बटाटे कोण उकडणार?"

"पाणी तापव, बटाटे आत टाक. तीस वर्षं समुद्रावर होतास, एवढं जमेल."

अठरा दिवसांत सोळा शहरं, असा तिने बेत आखला होता. सोबत दोन पिशव्या, एक उशी आणि वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा अख्खा तुकडा. दोन दिवसांनी जहाज डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागलं. स्टेशनात दोन डब्यांची छोटीशी गाडी उभी होती. सुन्नुवा फलाटावर थांबली आणि नुसती बघत राहिली.

गार्डने दारातून डोकं बाहेर काढलं. "बाई, चढताय ना?"

"ही जाऊ दे. आधी जाताना बघते."

"पुढची तासाभराने आहे हो!"

"चालेल. फार वर्षं थांबलेय, त्यात आणखी एक तास."

गाडी गेली. रूळ बराच वेळ बारीक आवाजात गुणगुणत राहिले. ती वाकली आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिली.

पुढचे दोन दिवस तिला स्वप्नात असल्यासारखे गेले. जमीन संपतच नव्हती. दर वळणाला वाटे, आता समुद्र येईल. आणि यायचं आणखी एक शेत, आणखी एक गाव, दोरीवर वाळणारे कुणाचे तरी शर्ट. फक्त पिशव्यांनी तिचा जीव घेतला. फलाट बदलताना जिने चढून खांदे भरून आले. उशी तिने हानोवरच्या बाकावर सोडून दिली आणि तिला एकदम हलकं वाटलं.

तिथून पुढे घोटाळा झाला. एका जंक्शनवर गाडीचे दोन भाग होतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. तिच्या जुन्या पुस्तकात हे नव्हतं, आणि कर्ण्यावरचं जर्मन तिच्या डोक्यावरून गेलं. ती बसली होती मागच्या डब्यात. चार वाजता गाडी जिथे थांबली आणि पुढे हलेना, त्या स्टेशनचं नाव होतं लिंडनग्रुंड. एक फलाट, एक घड्याळ, आणि मागे डोंगरभर झाडी.

फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालणारी एक वयस्क बाई तिच्याकडे बघत होती. तिचं नाव ट्राउटे. सुन्नुवाने छातीवर हात ठेवून शाळेत शिकलेल्या डॅनिशमध्ये म्हटलं, "व्हेनिस?"

ट्राउटे आधी हसली, मग तिने एक पिशवी उचलली. "व्हेनिस उद्या," ती जर्मनमध्ये म्हणाली. दोन्ही भाषा बहिणी-बहिणी, त्यामुळे एवढं कळलं. "आज सूप."

ट्राउटेला माडीवरची खोली भाड्याने द्यायची होती, सुन्नुवा तिथेच राहिली. सकाळी ट्राउटे तिला रानात घेऊन गेली. शंभर पावलं आत गेल्यावर सुन्नुवाचा श्वास कोंडला. जन्मभर तिने जिकडे पाहिलं तिकडे क्षितिज होतं. इथे चारी बाजूंनी खोडं. वारा आहे, पण कुठून ते कळत नाही. ती मटकन खाली बसली. ट्राउटे शेजारी बसली, खिशातून सफरचंद काढलं आणि सुरीने सावकाश त्याची साल काढू लागली. साल लांब होत गेली. ती तुटायच्या आत सुन्नुवाने वर पाहिलं.

काचेच्या टेबलावर मासा जसा आतून उजळायचा, तशी बीच नावाच्या झाडांची पानं उजळली होती. हजारो पानं, एकावर एक, आणि त्यांतून झिरपणारा हिरवा उजेड तिच्या हातांवर हलत होता. वाऱ्याची झुळूक आली. समुद्रासारखाच आवाज, फक्त डोक्यावरून.

ती तिथे पाच दिवस राहिली. सकाळी रानात जाई. दुपारी स्टेशनात येईल त्या गाडीने शेवटपर्यंत जाऊन परत येई. तिसऱ्या दिवशी एइदुनचा फोन आला. "कसं आहे व्हेनिस?"

"पोचले नाही."

"मग आहेस कुठे?"

"पानांत."

"सुन्ना, जेवतेस ना वेळेवर?"

सोळापैकी तीनच शहरं बघून ती परतली. गावात हशा पिकला. "व्हेनिसला गेली आणि झाडं बघून आली!" कारखान्यातल्या बायका म्हणाल्या. पण त्यांच्यातलीच बेर्ग्लियोत शरद ऋतूत गुपचूप तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चाळिशीची बाई, नुकतीच नवऱ्यापासून वेगळी झालेली. मनात पोर्तुगाल होतं.

"खरं सांग," तिने विचारलं, "एकटीला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण पोट रिकामं असताना जास्त वाटते. म्हणून पोचल्यावर आधी जेव, मग घाबर."

बेर्ग्लियोत हसली, तशी सुन्नुवा सावरून बसली. "आता ऐक नीट. पिशवी भर, ती घेऊन जिना तीनदा चढ-उतर. दम लागला तर निम्मं सामान काढ. राहायचा पत्ता कागदावर लिहून बुटात ठेव. नव्या गावात दिवसाउजेडी पोच. रस्ता विचारायचा तर जिच्या हातात भाजीची पिशवी आहे तिला विचार. ती तिथलीच असते. आणि बेतातला एक दिवस अगदी कोरा ठेव."

"कोरा? कशाला?"

"कुठेतरी अडकशील त्याच्यासाठी."

"गाडीत बसायचं कुठे? खिडकीत?"

"उलटं तोंड करून खिडकीत. सुलटं बसलं की गाव आलं-आलं म्हणताना मागे पडतं. उलटं बसलं की ते हळूहळू लांब जातं. मन भरेपर्यंत बघता येतं."

बेर्ग्लियोत जाऊन आली. उन्हाने नाकाची सालपटं निघालेली आणि स्वारी खूश. मग दुसरी निघाली, मग बहिणी-बहिणींची एक जोडी. सुन्नुवाचं स्वयंपाकघर शाळा झालं. रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा वाढत ती बुटांचे तळ तपासायची आणि एइदुन कोपऱ्यात जाळं विणत कुरकुरायचा, "सगळ्या गावाला पळवून लावशील एक दिवस."

ती स्वतः दर वर्षी निघते. मागच्या ऑगस्टमध्ये ती स्वीडनच्या उत्तरेला होती. एका डब्याची गाडी रानातून चालली होती आणि एकाएकी थांबली. रुळांवर रेनडिअरचा कळप बसला होता. चालकाने भोंगा वाजवला. कळप ढिम्म. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "उतरा मंडळी. यांच्या मनात येईल तेव्हा जाऊ."

सगळे उतरले. कुणी थरमासमधली कॉफी वाटली. सुन्नुवा दलदलीच्या कडेने थोडी पुढे गेली. तिथे नारिंगी क्लाउडबेरी पिकल्या होत्या, तिने ओंजळभर वेचल्या. एक पिल्लू उठून तिच्याजवळ आलं, त्याने तिच्या बाहीचा वास घेतला आणि परत जाऊन आईला टेकून बसलं. कुठेच कसला आवाज नव्हता. उजेड खोडांच्या मधून तिरपा येऊन गवतावर पसरला होता.

"बाई, निघायचं!" चालकाने हाक मारली. "रस्ता मोकळा झाला."

"आले," ती म्हणाली, आणि ओंजळ सांभाळत, खाली बघत, सावकाश चालत आली.