पाण्याच्या दिवशीची गोळी

आईच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ते इंजेक्शन तीन दिवस पडून होतं, आणि ते टोचून घ्यायचं की नाही यावर आमच्याकडं तीन दिवस भांडण चाललं होतं. भांडण म्हणजे काय, मीच भांडत होते. भावाशी फोनवर, डॉक्टरबाईंशी मनातल्या मनात आणि आईशी समोरासमोर. आई उत्तरच देत नव्हती. समोर सुपात शेंगा घेऊन फोलपटं बाजूला करत बसायची, त्यानं माझं डोकं आणखी फिरायचं.

आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. माहेर पिशोरचं. माझे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते, म्हणून लग्न करून इकडं शहरात आली, आणि वडील गेल्यावरही तिनं ते दोन खोल्यांचं घर सोडलं नाही. भाऊ पुण्याला. मी याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला, एका शाळेची मुख्याध्यापिका. लोकांना नियम सोपे करून सांगायची मला भारी हौस, आणि ते कुणी पाळले नाहीत की आवाज चढायची सवय.

दीड वर्षापूर्वी आई अंगणात साधी पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी हाडांची तपासणी करायला लावली. हाडं पार ठिसूळ झालेली. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहासुद्धा नंतर. गोळी घेतल्यावर अर्धा तास ताठ राहायचं, आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून आतून भाजल्यासारखं होतं. मी हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. दर रविवारी फोनवर विचारायचे, गोळी चालू आहे ना? ती म्हणायची, व्हय, चालूच हाय. झालं माझं कर्तव्य.

आणि आता पाठीत कळ आली म्हणून फोटो काढला तर पाठीचा एक मणका दबलेला. नव्या तपासणीत हाडं पहिल्यापेक्षाही खाली गेलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी काही लागू पडलेली दिसत नाही, दुसरं काही बघावं लागेल. त्यांनी दर सहा महिन्यांनी टोचायचं इंजेक्शन सुचवलं. भावानं फोनवरच होकार दिला आणि दुकानदाराला सांगून ते घरपोच करवलं.

मी मात्र खोक्यातला कागद भिंगाखाली धरून वाचला. जबड्याचं हाड क्वचित खराब होऊ शकतं. क्वचित मांडीचं हाड आपोआप मोडू शकतं. म्हणजे हाडं मोडू नयेत म्हणून घ्यायचं आणि त्यातच हाड मोडायची भीती, हा कुठला न्याय? डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं की हे फार थोड्यांना होतं, आणि काहीच न घेता खुबा मोडायची भीती त्याच्या कितीतरी पट. दाताच्या डॉक्टरांनीही दाढा तपासून काही अडचण नाही म्हणून सांगितलं. पण एक गोष्ट डॉक्टरबाईंनी बोट उचलून सांगितली होती. हे इंजेक्शन एकदा सुरू केलं की तारीख चुकवायची नाही. मध्येच सोडलं तर हाडं झपाट्यानं उतरतात आणि एकामागून एक मणके दबू शकतात. मी याच वाक्यापाशी अडून बसले होते. मी भावाला म्हटलं, आज मी आहे, उद्या मी आजारी पडले तर तू पुण्याहून येऊन टोचणार आहेस का? तो म्हणाला, ताई, डॉक्टर तू आहेस का? मी फोन आपटला.

आईला भीती एकाच गोष्टीची होती. तिच्या थोरल्या बहिणीचा खुबा मोडला होता. पिशोरच्या घरात ती बाई सहा महिने बाजेवर होती, कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याचे हात लागायचे, आणि त्याच बाजेवरून गेली. आई त्या तीन दिवसांत एकदाच बोलली. “काय बी द्या, पण मला तसं पडून नाय मरायचं.”

चौथ्या दिवशी अकरा वाजता दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच आईकडं राहायला गेले. सकाळी साडेपाचला पलीकडच्या भाभींनी भिंतीवरून हाक मारली, “खाला, पानी आ गया!” आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. येतं तेव्हा हातातलं सगळं टाकून धावायचं. त्या खेपेला ते बाराव्या दिवशी आलं होतं. मी पदर खोचून अंगणात गेले, तर आई माझ्याआधी उठलेली. तिनं फडताळातून स्टीलचा डबा काढला, त्यातली गोळी तोंडात टाकली, नळाखाली ओंजळ धरून दोन घोट पाणी घेतलं आणि लगेच वाकून हंडा लावला.

मी हातातला पाइप टाकून तिचा दंड धरला. म्हटलं, आज कुठं गोळीचा वार आहे? ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, “वार कसला? पाणी आलंय ना.”

हंडा भरून वाहायला लागला तरी मला हलता येईना. कारण मला आठवलं. दीड वर्षापूर्वी, मनगटाला प्लास्टर असताना, तिच्या लक्षात वार राहीना. सोमवारी उपास, म्हणून सोमवार नको. गुरुवार म्हटलं तर ती विसरायची. तेव्हा पाणी बरोबर आठव्या दिवशी यायचं. मीच तिला म्हटलं होतं, डोक्याला ताप नको, पाणी आलं की गोळी घ्यायची, दोन्ही आठ दिवसांनीच तर असतात. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. शाळेत सहकाऱ्यांनासुद्धा सांगितलं होतं.

पुढं पाणी दहा दिवसांवर गेलं, उन्हाळ्यात बारावर. गोळीही त्याच्याबरोबर सरकत गेली. आणि त्याच सकाळी नळ चालू असतो त्या पाऊण तासात टाकी, ड्रम, हंडे, कळशा सगळं भरायचं, तेही वाकून वाकून. ताठ बसणार कधी? मी डबा उघडून पाहिला, तर त्यात चार-चार गोळ्यांच्या पाच पट्ट्या न उघडलेल्या, म्हणजे वीस आठवडे चुकलेले. छातीत जळजळतं का म्हणून विचारलं तर म्हणाली, लई जळतं, मग मी गार दूध पिते. तुला सांगून काय, तू ओरडली असतीस.

हे ऐकून मला रडूच आलं. तिच्यासमोर नको म्हणून मी तोंड फिरवून ड्रम भरत राहिले.

दवाखान्यात इंजेक्शनचं खोकं बर्फाच्या डब्यात घालून नेलं होतं. डॉक्टरबाईंनी हात धुतले, नर्सला कापूस आणायला सांगितलं. रिक्षात मी सारखी मनाशी ठरवत होते की आधी सांगायचं, पण आत गेल्यावर जीभ उचलेना. माझी चूक बाईंच्या समोर, आईच्या समोर बोलायची! शेवटी एवढंच विचारलं की गोळ्या चुकल्या असतील तर काही फरक पडतो का? बाईंनी मान वर केली आणि आईला विचारलं, गोळ्या किती चुकल्या?

आई पटकन म्हणाली, “म्याच इसरत होते. वय झालं आता. पोरीनं तर लिहून दिलं व्हतं.”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दबलेला मणका घेऊन, माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी म्हटलं, “नाही बाई. पाणी येईल त्या दिवशी गोळी घे, हे तिला मी सांगितलं होतं. ती एकदाही विसरली नाही.”

नर्सनं आणलेला कापूस परत ट्रेमध्ये ठेवला. बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं, जळजळीचंही. मग म्हणाल्या, म्हणजे गोळी हरली असं म्हणता येणार नाही, ती नीट पोटात गेलीच नाही. पण आता आतून इतकं जळत असताना गोळी द्यायची नाही. सहा महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख पाळणं या घराला झेपेल का, याचीही त्यांना शंका आली, आणि त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं. मला राग आला नाही. गोळीच्याच जातीचं औषध वर्षातून एकदा शिरेतून सलाइनसारखं देता येतं, ते पोटात जात नाही, आणि तारीख थोडी मागंपुढं झाली तरी हाडं तशी कोसळत नाहीत. आधी मूत्रपिंडाची तपासणी करायची. नंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. या वेळी त्यांनी माझ्याकडं न बघता आईलाच विचारलं. आई म्हणाली, वर्षातून एकदाच ना? मग तेच द्या.

तपासणी चांगली आली आणि पुढच्या आठवड्यात सलाइन लागलं. दोन दिवस आईला सडकून ताप आला. मी उशाशी बसून मनातल्या मनात शंभर वेळा त्या निर्णयाला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि चहा मागितला. दवाखान्यातून न टोचता परत आणलेलं ते इंजेक्शनचं खोकं मात्र किती तरी दिवस फ्रिजमध्येच राहिलं, टाकून द्यायला हात होईना.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी सकाळी मी आईकडं जाते. ती अंगणात खुर्चीवर ताठ बसते आणि मी भरते. पहिल्याच दिवशी मी खाली वाकून भरलेला हंडा उचलायला गेले, तर ती खुर्चीतून ओरडली. “वाकू नको, गुडघ्यात बसून उचल. तुझी बी हाडं माझीच हायत.”

मी हंडा तसाच खाली ठेवला. मला तेव्हा सत्तावन्न पुरी झाली होती, आणि माझ्या हाडांची तपासणी मी अजून करून घेतलेली नव्हती.