गोदूकाकूंचं पातं

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात गोदूकाकूंची कटिंग मशीन चालू झाली की शेजाऱ्यांना घड्याळ लागत नसे. मिलमधून मोठे कागद यायचे, काकू ते कापून पाचशे-पाचशेच्या रीमा बांधायच्या आणि नव्या राज्याची राजधानी झालेल्या आमच्या शहरातली कितीतरी ऑफिसं त्यावर आपले हुकूम छापायची. राज्य तुम्हीच चालवता, असं आम्ही शेजाऱ्यांनी चिडवलं की काकू 'हव' म्हणून मोकळ्या होत. नम्रपणा त्यांच्याकडे नव्हता आणि मला त्याची उणीव कधी वाटली नाही.

घरची एक रीत होती. खंडेनवमीला मशीनचं पातं काढायचं, धार लावून देव्हाऱ्यापुढे ठेवायचं. दसऱ्यापासून पुढे पहिली ऑर्डर आली की मगच परत बसवायचं.

एका वर्षी ऑर्डर आलीच नाही. परदेशातला कापून बांधलेला कागद बाजारात येऊन पडत होता. काकूंना मिलमधून नुसता कोरा कागद ज्या भावात मिळे, त्याहून हा स्वस्त. याला व्यापार म्हणत नाहीत, गळा दाबणं म्हणतात. दिवाळी गेली तरी पातं देव्हाऱ्यापुढेच. काकू रोज त्याला तेल लावत. मुलगा निरंजन शहरातच, तेलीबांधा भागात नोकरीला. त्याने मशीनला भंगाराचं गिऱ्हाईक आणलं.

"आई, बेच दो. कब तक पूजा करोगी इसकी?"

"विकली तं मी सकाळी उठून काय कापू? भेंड्या?"

त्याने संक्रांतीपर्यंत थांबायचं कबूल केलं. मला त्याचा राग आला होता, पण आईची चिंता त्यालाही होतीच.

तिकडे देशातल्या मिलवाल्यांनी सरकारकडे तक्रार केली होती, की हे लोक आपल्या देशात महाग विकतात आणि तोच कागद इथे पडत्या भावात ओततात. चौकशी झाली आणि संक्रांतीच्या तोंडावर त्या कागदावर पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग ड्यूटी, म्हणजे पडत्या भावाच्या आयातीवरचा जादा कर, बसली. आठवड्याभरात एका जुन्या ऑफिसचा फोन आला. काकूंनी पातं बसवलं, पदराने डोळे पुसले आणि दुपारपर्यंत रीमा रवाना केल्या.

मग कागदाचे जुने व्यापारी दत्तोपंत पेढे घेऊन आले. सगळ्यांनी मिळून भाव ड्यूटीने महागलेल्या परदेशी कागदाच्या बरोबरीला न्यायचा, असा त्यांचा बेत होता. काकूंनी पेढा घेतला, बेत परत केला.

"सरकारनं पाच साल देल्ले, दत्तोपंत. गिऱ्हाईक नाई देल्लं. ते मले धरून ठेवा लागते. मी भाव नाई वाढवत."

बाई हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली, असं दत्तोपंत बाजारभर सांगत फिरले. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि नफ्यातून पात्याला घरीच धार लावायची सोय केली.

पाच वर्षांनी ड्यूटी उठली. परदेशी कागद पुन्हा आला. दत्तोपंतांनी पाच वर्षं लावलेला चढा भाव त्यांची गिऱ्हाइकं विसरली नव्हती. एकेक करून सगळी तिकडे गेली. खंडेनवमीला काकूंनी पातं काढलं तेव्हा मी तिथेच होतो, आणि खोटं कशाला सांगू, सारखा फोनकडेच बघत होतो. काकू मात्र शांतपणे हळदकुंकू वाहत होत्या.

दसऱ्याला आरती संपायच्या आत फोन वाजला. तेच जुनं ऑफिस, नेहमीचीच ऑर्डर. काकू पातं उचलायला वाकल्या तर निरंजन पुढे झाला. आयुष्यभर आईला हिंदीत उत्तरं देणारा पोट्टा तो.

"सरक आई," तो म्हणाला, "यंदा मी बसवतो."